दुधीवरचं बोट

परसातल्या वेलावरचा कोवळा दुधी पिवळा पडून गळाला. सालीवर एक बारीक भोक होतं, कोणी नख टोचावं तसं. कोवळ्या फळाकडे बोट दाखवलं की ते कुजतं, असं आमच्याकडे मानतात. दाखवायचंच झालं तर बोट दुमडून दाखवतात. आदल्या दिवशी माझ्या धाकट्या जावेनं, सुमननं, सरळ बोट दाखवलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "रिकाम्या ओटीचं बोट लागलं. परसात पाऊल टाकू नकोस आता."

तेव्हापासून सुमन हात पदराखालीच ठेवते.

मी दुधी चिरला. आत पांढऱ्या अळ्या होत्या. एकेक अळी अंग वाकवून ताटाबाहेर उडी मारत होती, आणि आवाज मुळीच नव्हता. फळमाशी साल टोचून अंडी घालते, हे मला माहीत होतं. मी सुमनला परसात नेलं. "हे माशीचं काम, तुझं नाही," म्हटलं आणि दुसरा दुधी दाखवायला हात उचलला.

माझं बोट आपोआप दुमडलं. माहिती डोक्यात राहते, भय बोटांत राहत असावं.

सुमननं ते पाहिलं. "राहू द्या, ताई."

मी बोट सरळ करून दुधीवर टेकवलं. मग तिचा हात पदराखालून काढला आणि तिचंही टेकवलं. माशी बसू नये म्हणून दुधीला जुन्या परकराची पिशवी बांधली.

आता पानांत ती पांढरी पिशवी लोंबते. वारा नसतानाही हलल्यासारखी वाटते. रोज सकाळी आम्ही दोघी तिच्यासमोर उभ्या राहतो. पिशवी भरत चालली आहे. सोडून आत बघायला मात्र दोघींचाही हात धजत नाही.