दारातल्या भुताचं कोपर

माझ्या मावशीचा कुणावरही विश्वास नाही. उद्या साक्षात देव समोर उभा राहून "वर माग" म्हणाला, तरी ती आधी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळेल आणि विचारेल, "का हो? तुमचं काय अडलंय माझ्यावाचून?" मी तिची सख्खी भाची. लग्न मोडून परत आले तेव्हापासून तिच्याच घरी राहते, तिच्याच दुकानात बसते. तरी संध्याकाळी निघताना माझ्या पिशवीकडे तिची एक नजर जातेच. आधी मला राग यायचा. आता मीच पिशवी उघडून दाखवते. "बघ बाई, तुझी कात्री नाहीये यात." तीही निर्लज्जासारखी वाकून बघते.

दुकान रफूचं आहे. कोट, पँट, शाल, जे जे उंदराने कुरतडलं, इस्त्रीने जाळलं किंवा खिळ्याला अडकून फाटलं ते आमच्याकडे येतं. त्याच रंगाचा दोरा सुईने उभा-आडवा विणून भोक असं बुजवायचं की मालकालाही सापडता कामा नये. दिसलं तर ते ठिगळ, रफू नव्हे. कपडा आला की मावशी पहिले खिसे उलटे करते, मग शिवणी बघते, मग चक्क वास घेते. गिऱ्हाईक म्हणतं, "चहा सांडला हो." मावशी म्हणते, "चहाला असा वास येत नाही. पण असू दे, तुमच्या घरचा प्रश्न." गल्लीत तिला 'तपासनीस' म्हणतात. तिला ते ठाऊक आहे आणि आवडतंसुद्धा.

तिचा एक कायदा आहे. दोऱ्याचा रंग जुळवायचा तो दारात जाऊन, उन्हात. दुकानातल्या ट्यूबखाली कधीच नाही. ट्यूबखाली जुळलेला दोरा दुसऱ्या उजेडात गेला की वेगळा पडतो. "ट्यूब लबाड असते," असं ती म्हणते. मी एकदा आळस करून बसल्या जागी रंग जुळवला, तर माझ्या हातावर लाकडी पट्टीचा फटका बसला होता. एवढी घोडी झाले तरी फटका!

आणि हीच सगळी तपासणी ती रोज सकाळी टीव्हीवरच्या एका भुताची करायची.

संध्याकाळी सातला एक मालिका लागते. एक विधवा बाई मोठ्या घरात एकटी राहते. अंधारून आलं की तिच्या दारात एक माणूस येऊन उभा राहतो. लांब तपकिरी कोट, डोक्यावर टोपी, तोंड कायम सावलीत. तो तिचा मेलेला नवरा. नियम असा, की ती स्वतःच्या तोंडाने "आत या" म्हणत नाही तोवर त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. आणि ती बाई काही म्हणत नाही. महिने झाले, म्हणतच नाही.

सकाळी आम्ही दुकान उघडलं की शेजारचा घड्याळवाला डोळ्याला लावायची काच कपाळावर सरकवून दारात हजर. "काय तपासनीस, काल काय झालं?" त्याने स्वतः मालिका बघणं सोडलं होतं. मावशीकडून ऐकण्यात जास्त मजा, असं त्याचं म्हणणं.

"काय होणार? ती बया अख्खा भाग एकच ताट पुसत बसली. मागच्या आरशात कुणाची तरी बाही दिसली, ती कुणाची? भुताची नव्हे, भूत दारात आहे. म्हणजे कॅमेरावाल्याची. आणि ते भूत! भूत आहे का भाडं मागायला आलेला माणूस? एका पायावर भार देऊन उभा. मेल्यावरही गुडघे दुखतात होय? हात खिशात घालतो, बाहेर काढतो. मेलेल्याला खिसे कशाला लागतात मी म्हणते! काही दम नाही त्या भुतात."

घड्याळवाला हसून हसून बेजार व्हायचा.

पुढच्याच आठवड्यात भूत दोन्ही पायांवर सरळ उभं राहिलं. हात खाली, खिशाच्या बाहेर. मावशीने टीव्हीचा आवाज बंद केला आणि माझ्याकडे वळली. "बघितलंस? आपलं बोलणं तिथे पोहोचतंय."

"अगं, योगायोग असेल."

"योगायोग बिगायोग काही नसतं. कुठेतरी पाणी मुरतंय."

पहिला संशय अर्थात घड्याळवाल्यावर. ती त्याच्यासमोर भुताबद्दल अवाक्षर काढेना. बिचारा येऊन रिकामाच परत जायचा. मग तिने सापळा लावला. एकदा घरी जेवताना मुद्दाम म्हणाली, "माणूस दारात उभा असला की आत भांडं वाजलं तरी मान वळवतो. हे भूत मान वळवत नाही. बहिरं आहे का?" पानावर आम्ही तिघंच होतो. ती, मी आणि काका, म्हणजे मावशीचे यजमान.

थोड्याच दिवसांनी टीव्हीतल्या त्या बाईच्या हातून पेला पडला, आणि भुताने हळूच आवाजाच्या दिशेने मान वळवली.

मावशी माझ्याकडे अशी बघायला लागली की मला घाम फुटला. "तू कुणाला सांगतेस?"

"मी? मला काय दुसरे उद्योग नाहीत?"

"मग भिंतींना कान फुटले का?"

माझी तार सटकली. ज्या घरात मी राबते त्याच घरात मी फितूर? मी ताट सरकवून उठले. "घरात आणखी एक माणूस राहतो मावशी, त्याला विचार की कधीतरी!"

ती गोंधळली. खरंच गोंधळली. "ह्यांना? ह्यांचं कुणाशी बोलणं आहे?"

काकांचं खरोखर कुणाशी बोलणं नव्हतं. उभा जन्म त्यांनी विजेच्या कंपनीत मीटर वाचण्यात घालवला. लोकांच्या दारात उभं राहायचं, "मीटर" एवढंच म्हणायचं, आकडा टिपायचा आणि पुढचं दार. निवृत्त झाल्यावर तेवढा एक शब्दसुद्धा बोलायची गरज उरली नाही. दुपारी मावशीचा डबा घेऊन दुकानाशी यायचे, पायरीखालूनच हात लांब करून द्यायचे आणि वाचनालयात जायचे. आत कधी आले नाहीत. आम्हीही कधी बोलावलं नाही, खोटं कशाला सांगू. घरात ते कपाटासारखे होते. असतं तिथे असतं, कुणी बघत नाही.

पण एकदा मावशीने बघायला सुरुवात केली म्हटल्यावर काय विचारता! पहिल्याच दिवशी सापडलं की काका रोज दाढी करतात. निवृत्त माणूस, रोज दाढी? मग शर्टाच्या कॉलरला आतून पांढरी पावडर सापडली. मग धुण्याआधी खिसे उलटे केले, तर कापसाचा बोळा, त्याला गुलाबी काहीतरी पुसलेलं. मावशीने वास घेतला आणि तो माझ्या नाकाशी धरला.

"हे काय आहे?"

"तोंडाला लावायचं असतं तसलं काहीतरी. बायकांचं."

मग तिने मला वाचनालयात पाठवलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "ते होय? उन्हाळ्यापासून आलेच नाहीत. बरे आहेत ना?" मी परत येऊन सांगितलं तेव्हा मावशी सुईत दोरा ओवत होती. ओवत राहिली. दोरा काही जाईना.

"भूत गेलं खड्ड्यात," ती शेवटी म्हणाली. "ह्यांचं बाहेर काहीतरी आहे गं."

"या वयात?"

"म्हातारचळ वय बघून लागतो का?" तिचा आवाज फुटला. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला असं पाहिलं. जगावर संशय घेणाऱ्या या बाईने नवऱ्यावर मात्र कधी घेतला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. मला वाईट वाटलं. काकांचा रागही आला, मांजर डोळे मिटून दूध पितंय म्हणून. "आज मालिका संपली की मी सरळ विचारणार. आणि खरं निघालं तर मी ह्यांच्या घरात राहायची नाही. दुकानात राहीन. तू मागच्या खोलीतले कपडे आवर, दोन गाद्या मावतील एवढी जागा कर."

मी जागा केली.

संध्याकाळी आम्ही टीव्हीसमोर बसलो. मावशी पुढे, मी बाजूला, काका मागे खुर्चीवर. त्या दिवशी मी काकांकडे नीट पाहिलं आणि मला नवल वाटलं. ते टीव्हीकडे बघतच नव्हते. मावशीच्या पाठीकडे बघत होते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय, असं मला वाटलं.

भाग सुरू झाला. मावशीचं लक्ष कुठलं असायला! पण सवय ती सवय, डोळे पडद्यावर होते. टीव्हीतली बाई उशीत तोंड खुपसून रडत होती. भूत आलं. आज पहिल्यांदाच त्याने दार वाजवायला हात उचलला. कोपर कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आलं, सगळीकडे तो त्यांचा निळसर उजेड, आणि तपकिरी बाहीवर कोपराशी बोटभर जागा हिरवट दिसली.

मावशी उठली. टीव्हीला नाक टेकेल इतकी जवळ गेली. मी म्हटलं, "अगं डोळे जातील." तिने ऐकलंच नाही. तेवढ्यात हात खाली गेला आणि जाहिरात लागली. ती तशीच उभी राहिली. मग वळली.

"अहो," ती म्हणाली, "हे कोपर माझं आहे."

मला अर्थ लागेना. मावशी आत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि ती तपकिरी कोट हातावर टाकून बाहेर आली. काकांचा जुना कोट. तिने कोपर उजेडात धरलं आणि पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्ही मेलात कधी?"

"उन्हाळ्यात," काका खालच्या आवाजात म्हणाले.

मला हसू फुटलं आणि मी पदर तोंडात कोंबला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गावाच्या टोकाला एका बंद गोदामात त्या मालिकेचं काम चालतं. काका फिरत फिरत तिथे गेले, जन्माच्या सवयीने मीटर कुठे आहे बघायला दारात थांबले, आणि आतून कुणीतरी ओरडलं, "काका, हलू नका!" भुताचा माणूस त्या दिवशी आला नव्हता, पुढेही आला नाही. कपडे ज्याने त्याने घरून आणायचे, म्हणून हा कोट. दुपारी चित्रण करतात आणि दोन-तीन दिवसांत दाखवतात. इतकं घाईचं काम.

"दारात उभं राहणं तेवढं मला येतं," काका म्हणाले.

"मग सांगायला काय झालं होतं? आणि ती पावडर? बोळा? मी इथे काय काय मनात आणलं, तुम्हाला माहीत आहे?" मावशी रडायलाच लागली, आणि रडता रडता ओरडत होती. "गाद्या टाकणार होते मी दुकानात!"

"सांगणार होतो गं. मी टीव्हीवर पहिल्यांदा दिसलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी डबा द्यायला आलो, तर तू अजून त्या घड्याळवाल्याला सांगत होतीस, या भुतात दम नाही. मग म्हटलं, आधी सुधारू, मग सांगू. तू चुका काढायचीस, मी जाऊन तसं करायचो. आणि दुसरं असं, की सात वाजले की तू माझ्याकडे बघायचीस. पापणी न लवता. मी सांगितलं असतं तर नसतं बघितलंस."

जाहिराती संपून मालिका पुन्हा सुरू झाली होती, ती मी बंद केली. मावशीचा अंगठा कोटाच्या कोपरावर फिरत होता.

"हा रफू मी ट्यूबखाली केला," ती म्हणाली, कुणाला म्हणाली कोण जाणे. "घरचं होतं. म्हटलं, कोण बघतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी काका डबा घेऊन आले. मावशीने बजावल्याप्रमाणे अंगात कोट होता. भर उन्हात कोट घालून आलेला माणूस बघून घड्याळवाला लगेच बाहेर आला. मावशी दोऱ्यांचा डबा घेऊन पायरीवर उभी राहिली आणि काकांचं कोपर हातात धरून एकेक रीळ त्याला लावून बघायला लागली. एक गडद, एक फिकं, एक लालसर. मध्येच तिची नजर वर जायची, काकांच्या तोंडाकडे, आणि तिथेच राहायची. काका अवघडून गेले होते.

"अगं, हे उसवू नकोस," ते म्हणाले. "तिथे कपड्यांवर लक्ष ठेवणारी बाई ओरडेल. भुताचा कोट मध्येच नीट झाला तर तुझ्यासारखी कुणीतरी पकडेल."

"पकडू दे."

घड्याळवाल्याला काहीच पत्ता नव्हता. त्याने बऱ्याच दिवसांनी धीर करून विचारलं, "मग तपासनीस, काल काय झालं?"

"काल भूत चांगलं उभं होतं," मावशी म्हणाली.

त्याची कपाळावरची काच खाली पडता पडता राहिली. "चांगलं? तुम्ही चांगलं म्हणताय?"

"भुताचं काही चुकत नाही. चुकतं त्या बाईचं. माणूस महिनोन् महिने दारात उभा आहे आणि त्या मूर्ख बाईला 'आत या' म्हणता येत नाही?"

"ती तसं म्हणाली तर माझं काम सुटेल," काका हळूच पुटपुटले.

मावशीला दोरा सापडला होता. तिने तो दातांनी तोडला आणि काकांच्या हातातला डबा काढून माझ्याकडे दिला.

"सुटू दे," ती म्हणाली. "तिथे काय उभे? आत या."

काका वाकून चपला काढायला लागले, आणि मी घाईघाईने दुकानातल्या एकुलत्या एक स्टुलावरचे कपडे उचलले.