नारळ फोडायचा मान

आम्ही नागपूरकडून भिलाईला आलो तेव्हा वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन चारेक वर्षं झाली होती. आईनेही घेतली होती. म्हणजे वडील म्हणाले चल, म्हणून ती गेली, उन्हात उभी राहिली, सगळ्यांबरोबर प्रतिज्ञा म्हणाली आणि घरी येऊन भाकरी थापायला बसली.

वडील रशियाच्या मदतीने होणाऱ्या पोलाद कारखान्याच्या उभारणीत रिगर होते. अवजड यंत्रं तारेच्या दोरांनी बांधायची, क्रेनवाल्याला हाताने इशारे करायचे आणि यंत्र जागेवर बसवून घ्यायचं, हे त्यांचं काम. घरातही ते बरंचसं हातानेच बोलत.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा, म्हणजे यंत्रा-अवजारांची पूजा असे. त्या दिवशी बायकापोरांना आत सोडत. मी तेव्हा दहा वर्षांची होते. दरवर्षी नारळ फोरमनसाहेब फोडत. ते बंगाली होते, भले गृहस्थ. त्या वर्षी वडिलांच्या टोळीने एक प्रचंड यंत्र ओरखडा न उमटता बसवलं होतं, म्हणून फोरमनसाहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की नारळ वडील फोडतील. वडिलांना विचारावं असं त्यांना वाटलं नाही. मान कोण नाकारतो?

वडील पुढे गेले. नारळ हातात घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाले, "साहब, मैं ये नहीं फोड़ सकता."

"हाथ में चोट है क्या?"

"हाथ ठीक है. मैंने पूजा न करने की प्रतिज्ञा ली है."

फोरमनसाहेबांनी विचार केला. "तो पूजा पंडित करेगा. तुम सिर्फ नारियल फोड़ो."

वडील नारळ धरून तसेच उभे राहिले. बाजूला एक रशियन इंजिनिअर उभा होता. त्याने दुभाष्याला विचारलं, काय चाललंय. दुभाष्याने बराच वेळ समजावलं. रशियन दोनच शब्द बोलला. दुभाष्या म्हणाला, "साहब कहते हैं, भगवान को वो भी नहीं मानते, लेकिन नारियल फोड़ देंगे."

वडिलांनी नारळ खाली ठेवला, तो रशियनाने उचलून फोडला. दुसऱ्या प्रयत्नात फुटला, पाणी त्याच्या शर्टावर उडालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याला टिळा लावला. वडील बाजूला जाऊन उभे राहिले.

घरी आल्यावर आईने चहा ठेवला आणि म्हणाली, "फोडला असता तर का बिघडलं असतं? तो रशियन तरी कोनाले मानते? त्यानं फोडलाच ना."

वडील भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, "त्याले कोनी देवळाबाहेर उभं नाही केलं. माह्या बापानं गावच्या देवळाचे दगड वाह्यले. देऊळ झालं तवा त्याचा नारळ पायरीखालीच ठेवाले लावला. वरून पानी शिंपडलं, मंग उचलला."

"मले म्हाईत आहे."

"आज मले सगळ्यांसमोर बोलावलं. नारळ हातात घेतला तवा मले फोडावासा वाटला. लय वाटला."

आईने चहा गाळला. "मंग?"

"मंग का. ठेवून देला."

आठ दिवसांनी वजन उचलताना एक दोर तुटला. कोणाला लागलं नाही, पण टोळीतल्या दोघांनी वडिलांच्या इशाऱ्यावर काम करायला नकार दिला. नारळाचा अपमान झाला, असं त्यांचं म्हणणं. फोरमनसाहेबांनी चौकशी केली. निघालं ते असं: झिजलेल्या दोरांना वडील लाल रंगाचा पट्टा मारून वेगळे ठेवत. पूजेच्या दिवशी लोकांनी भक्तिभावाने सगळ्याच दोरांना शेंदूर फासला. मग रंगाचा लाल कोणता आणि शेंदराचा लाल कोणता हे कोणाला कळेना, आणि बाद झालेला दोर परत कामात आला. फोरमनसाहेबांनी हुकूम काढला की यापुढे खराब दोरांना निळा रंग लावावा. ते दोघे दुसऱ्या दिवशी कामावर आले. माफी वगैरे कोणी मागितली नाही, वडिलांनीही वाट पाहिली नाही.

दिवाळीच्या सुमारास फोरमनसाहेब आमच्या क्वार्टरवर आले. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. त्यांनी सवयीने हात जोडले आणि विचारलं, "इनको क्या चढ़ता है?"

"कुछ नहीं, साहब. पाँच बातें पालनी पड़ती हैं."

"कौन सी?"

वडिलांनी एकेक करून सांगितल्या. हिंसा नको, चोरी नको, व्यभिचार नको, खोटं बोलणं नको. फोरमनसाहेब प्रत्येक वेळी मान डोलवत होते. पाचवी दारूची होती. ती ऐकल्यावर त्यांनी चहा संपवला, आईला सांगितलं की चहा फार छान झाला, आणि चपला घातल्या.

दारातून जाताना म्हणाले, "चार तक बहुत अच्छा धर्म है."

"हो," वडील मराठीतच म्हणाले, आणि त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले.