बाण की बंदूक: सावनेरच्या हरभऱ्यातला शिकारी

कोल्हापूरहून नागपूरला थेट गाडी आहे, याचा आम्हा नागपूरच्या माहेरवाशिणींना फार अभिमान. ती पोचते कधी, हे मात्र विचारू नये. जानेवारीत मी गाडीत बसले तेव्हा डब्यात दशम्या होत्या. वर्धा येईपर्यंत चटणीचा तेलकट कागद तेवढा उरला होता. एवढा प्रवास मी करत होते तो हरणाच्या शिकारीवर मत देण्यासाठी.

हरीण इथलं नव्हे, अमेरिकेतलं. माझा धाकटा चुलतभाऊ प्रशांत तिकडे कोलोराडोच्या डोंगराळ भागात असतो, कॉम्प्युटरवर काम करतो आणि गेली काही वर्षं दसऱ्याच्या सुमारास तिकडच्या लोकांबरोबर तंबू ठोकून एल्कच्या शिकारीला जातो. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा तिकडचा दांडगा भाऊ. प्रशांत धनुष्य वापरतो आणि त्याने आजवर एकही मारलेला नाही. परवान्याचा अर्ज करतानाच धनुष्याने मारणार की बंदुकीने हे सांगावं लागतं, आणि यंदा त्याला ते ठरवता येत नव्हतं. म्हणून साहेब नागपूरला आले. आमच्या घरात फ्रीजचा रंगसुद्धा सगळ्यांना बोलावून विचारल्याशिवाय ठरत नाही.

बैठक भरली रामदासपेठेत, प्रशांतच्या मोठ्या भावाच्या, विनायकच्या फ्लॅटमध्ये. विनायक हाडांचा डॉक्टर आहे, त्यामुळे त्याला सगळ्यातलं कळतं. समोर तर्री पोहे होते (पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत लाल रस्सा, कोल्हापूरकरांनी उगाच मिशीला पीळ देऊ नये, डोळ्यांतून पाणी येतं). एल्क कुणीच पाहिलेला नव्हता. मतं मात्र सगळ्यांना होती.

"बंदूक घे गा सरळ," विनायक म्हणाला. "एका गोळीत काम. धनुष्य घेऊन काय रामलीलेत जाऊन राहिला का तू?"

"मारताच काहून पण बिचाऱ्याला?" वहिनी कळवळल्या. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि आत दुपारचं सावजी मटण रटरटत होतं.

प्रशांत खुर्चीत पुढे सरकला. बंदूकवाला या टेकडीवरून त्या टेकडीवर गोळी घालतो, त्यात कसलं आलंय कौशल्य? धनुष्यवाल्याला मात्र जनावराच्या पार जवळ जावं लागतं. वारा ओळखायचा, श्वास रोखायचा, काटकी मोडू द्यायची नाही. "खरा शिकारी तोच," असं म्हणून त्याने विनायकचा व्यायामाचा रबरी पट्टा धनुष्यासारखा ताणून दाखवला. पट्टा सुटला आणि तर्रीच्या वाडग्याला लागला. विनायकचा पांढरा कुर्ता, टीपॉय आणि एक उशी इतकी शिकार झाली. प्रशांतची ही पहिलीच.

निर्णय अर्थातच झाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रशांत आणि मी सावनेरकडे निघालो, कारण कमलआत्याला विचारल्याशिवाय बैठक पूर्ण होत नाही. ही आमची सगळ्यांची धाकटी आत्या. सावनेरच्या पुढे तिची शेती आहे, ती स्वतः करते, आणि तिचा आवाज बांधावरून गावात ऐकू जातो. तिच्या हरभऱ्याच्या एका तुकड्यातून आम्हा सगळ्या भावंडांच्या घरी वर्षाची डाळ येते. कोल्हापुरात माझ्या पुरणपोळीचं कौतुक होतं ते खरं म्हणजे त्या तुकड्याचं आहे.

कोराडीच्या वीजकेंद्राच्या धुराड्यांनंतर कोळशाच्या ट्रकांमागे गाडी हाकत आम्ही एका टपरीवर थांबलो. प्रशांतने चहावाल्यालाही एल्क समजावला.

"शेतात घुसते काय ते?" चहावाल्याने विचारलं.

"नाही, जंगलात राहते."

"मंग काहून मारता?"

"मटण होतं ना दादा. वर्षभर पुरते."

"तिकडे मटण भेटत नाही?" असं म्हणून तो खरोखर हळहळला आणि त्याने आम्हाला चहा थोडा जास्त दिला.

गाडीत बसल्यावर प्रशांतने सीटबेल्ट लावला. मग समोर बघतच म्हणाला, "ताई, तुले सांगतो, कोणाले सांगू नको. आमच्या तंबूत माझा बॉस आहे, शेजारचे दोघं आहेत. बाकी वर्षभर मी त्यांच्यासाठी ऑफिसातला इंडियन. तंबूत मात्र मी त्यांच्यातला एक असतो. पण दरवर्षी रिकाम्या हातानं येतो न मी. यंदा ते म्हणून राहिले, बंदूक घे, नाहीतर तुझी जागा दुसऱ्याला देऊ."

"मग घे की बंदूक."

"बघू," तो म्हणाला आणि त्याने काच खाली केली.

आत्या अंगणात नवी साडी नेसूनच उभी होती. संक्रांतीचं हळदीकुंकू गावात चालू होतं आणि वाण घेऊन तिला निघायचं होतं. आम्हाला सोलेभात वाढला (ओल्या हरभऱ्याचे दाणे घातलेला मसालेभात, पोट भरलं तरी हात थांबत नाही) आणि घास संपायच्या आत कामाला लावलं. या भागात पाहुणा आला की त्याला आधी जेवण मिळतं आणि मग राखण.

"मी येईपर्यंत हरभऱ्याकडे बसा," ती म्हणाली. "दिवस बुडाच्या आधी रोही येते." रोही म्हणजे नीलगाय: नाव गाईचं, देह घोड्याचा, भूक दोघांची. "मारायचं नाही, हाकलायचं हाये. हा डबा वाजव वं मीना. नाहीच गेली तर प्रशांत, ही गोफण. तू तर शिकारी हायेस."

तेलाचा रिकामा डबा आणि काठी माझ्याकडे आली. गोफण प्रशांतने गळ्यात अडकवली.

ऊन उतरलं आणि तुरीच्या पलीकडून रोही आली. करड्या-निळ्या रंगाचा मोठा नर. सरळ हरभऱ्यात उतरला. मी काठी उचलली तोच प्रशांतने माझा हात धरला.

"शू! वारा आपल्याकडे आहे. त्याला वास लागला नाही अजून."

"अरे, त्याला वास लागावा म्हणूनच बसलोय ना आपण!"

पण तो वाकून निघालाही होता. चिमूटभर माती उडवून वारा बघितला, ढेकळं चुकवत, श्वास रोखत, विनायकच्या दिवाणखान्याएवढं अंतर उरेपर्यंत तो गेला. एक काटकी मोडली नाही. इतकी सुंदर राखण त्या तुकड्याची कधी झाली नसेल. रोहीला यत्किंचितही त्रास झाला नाही. मीसुद्धा डबा मांडीवर घेऊन सिनेमा बघावा तशी बघत बसले.

प्रशांतने गोफणीत दगड ठेवला आणि हात वर नेला. रोहीने मान उचलून त्याच्याकडे पाहिलं. तोंडात हिरवा घास होता आणि तो सावकाश चावत होता. प्रशांतचा हात वरच राहिला, मग खाली आला. रोहीने पुन्हा मान घातली. तुरीतून आणखी दोघी आल्या, त्यांनाही कुणी काही बोललं नाही.

शेवटी बांधावरून आत्याचा आवाज आला आणि तिघंही तुरीत पळाली. प्रशांतही दचकून दोन ढेकळं मागे सरकला. आत्या कपाळभर कुंकू आणि हातात वाणाची पिशवी घेऊन तुकड्यात शिरली. मधोमध नुसते खुंट उरले होते.

"काहून गा? हात मोडला होता का?"

"रेंजमध्ये नव्हता, आत्या," प्रशांत म्हणाला.

मला हसू फुटणार होतं. मग मी त्याचा चेहरा पाहिला आणि मला एकदम त्याची फार माया आली. इतकी वर्षं तंबूत परतल्यावर तो हेच वाक्य सांगत असणार, आणि धनुष्यवाल्याचं हे वाक्य सगळ्यांना पटतं.

आत्याने खुंटांकडे बघितलं. "तुमचीच डाळ होती," ती म्हणाली. "आता दुकानातून आणा."

निघताना प्रशांत गाडीत बसला तरी त्याने तिला शिकारीचं काही विचारलं नव्हतं. तिनेच खिडकीपाशी येऊन त्याच्या मांडीवर तिळाच्या लाडवांचा पुडा ठेवला.

"विनायकचा फोन आला होता, सारं सांगितलं त्यानं. बंदूक घेऊ नको गा," ती म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच इतका हळू ऐकला. "बंदूक दुरून बी लागते. मंग तंबूत जाऊन काय सांगशीन?"

प्रशांतने पुडा उघडला. कोराडी येईपर्यंत तो एकेक लाडू खात होता.

परतीच्या गाडीत अकोल्याच्या आसपास फोन वाजला. घरच्या ग्रुपवर प्रशांतने धनुष्य ठरल्याचं कळवलं होतं. मला वेगळं एकच वाक्य होतं, "तंबूतली जागा गेली तर गेली, ताई." विनायकने लिहिलं, "शूर आहेस!" वहिनींनी हात जोडले. मीही एक अंगठा पाठवला. सगळ्यांना विचारून ठरवायच्या आमच्या पद्धतीला मी जन्मभर हसत आले. पण बैठकीत सगळे बोलले आणि ऐकलं एकट्या आत्याने, म्हणून तरी ती भरावी.

कोल्हापूर स्टेशनवर यजमान घ्यायला आले होते. "काय ठरलं मग?"

"धनुष्य."

"का बरं?"

"रेंज कमी असते," मी म्हणाले, "आणि जाताना दुकानावरून जाऊ. डाळ घ्यायची आहे."