भांबुर्ड्याचा वाफा

आमच्या ह्यांच्या मते माझा जन्मच परिपत्रकं पाळण्यासाठी झालेला आहे. शाळेच्या ऑफिसात सगळी नोकरी गेली, त्यामुळे ते अगदीच खोटं नाही. साताऱ्याकडून आम्ही पनवेलजवळ करंजाड्याला राहायला आलो, त्यानंतर तिसऱ्या वर्षी शहराच्या निवास समितीचं पत्र सोसायटीला आलं. सेक्रेटरींनी ते न वाचताच माझ्या हातात ठेवलं. पत्रात दोन कामं होती. नव्या शेजाऱ्यांचं स्वागत करायचं, आणि इमारतीच्या मागे नाल्याकडेला जी मोकळी पट्टी आहे तिथे सगळ्यांनी मिळून भाजीची बाग करायची. सोबत फॉर्मचा गठ्ठा. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! फाईल केली, फाईलवर नाव घातलं, आणि स्वागताला कोण येतंय याची वाट बघत बसले.

गणपती झाल्यावर तळमजल्यावरच्या एका खोलीत एक म्हातारी भाड्याने राहायला आली. एकटीच. मी पिशवी घेऊन गेले. पिशवीत कढीपत्त्याचं रोप, समितीचं पत्र आणि मी स्वतः काढलेला परिसराचा नकाशा होता. दवाखाना कुठे, दूध कुठे मिळतं, रिक्षा कुठे उभ्या राहतात, सगळं. म्हातारीचं गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, हातात चांदीचे गोट. तिने मला खुर्ची दिली आणि स्वतः जमिनीवर बसली. मी फॉर्म काढला.

"आजी, याआधीचा पत्ता सांगा."

"ह्योच."

"हा आत्ताचा झाला. आधी कुठे राहत होता?"

"आवो ह्योच म्हंजे ह्योच. आमची खाचरं व्हती हितं. तुमची बिल्डिंग हाय ना, ती आमच्या मोठ्या खाचरावं हाय. घर त्या तिकरं, तुमचा मेडिकल हाय तिथं."

मी पेन हातात धरून बसले. फॉर्ममध्ये यासाठी रकाना नव्हता. शेवटी मी 'वरीलप्रमाणे' असं लिहिलं आणि तो फॉर्म दुरुस्तीसाठी परत आला. मग तिने माझा नकाशा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "तुमी कवा आयलाव हितं?" मी म्हटलं, तीन वर्षं झाली. "बरा वाटते ना? पानी येते ना नीट?" असं तिने विचारलं, आणि आतून चहा आणि तांदळाची भाकरी आणून माझ्यापुढे ठेवली. जिना चढताना मला कळेना, नक्की कोण कोणाचं स्वागत करून आलं. ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "फॉर्म तिच्याकडेच द्यायचा होतास भरायला." माझं डोकं फिरलं.

दिवाळी झाल्यावर बागेचे वाफे वाटले. चिठ्ठ्या टाकल्या, तिला कोपऱ्यातला, नाल्याकडचा वाफा आला. इतरांनी मेथी, पालक, टोमॅटो ठरवले. तिने वाल सांगितले. मी यादीत लिहिलं, आणि मग ती माझ्याजवळ सरकून हळू आवाजात बोलली. आधी कधी इतकं बोलली नव्हती. तिचे दोन मुलगे. जमीन गेल्यावर दोघांचं बिनसलं ते बिनसलंच. एक खारघरला, एक पनवेलमध्येच. ती एकाकडे राहिली की दुसरा फोन उचलायचा नाही, दुसऱ्याकडे गेली की पहिला. म्हणून तिने दोघांनाही सोडून ही खोली घेतली.

"दिवालीला बोलावला, एक आयला. भाऊबीजेला दुसरा. एक जागी नाय बसत. आता थंडीन मी पोपटी लावनार. दोगंव येतील बग. पोपटीला नाय कोन बोलते?"

पोपटी म्हणजे काय हे मला ऐकून ठाऊक होतं. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे घालायचे, मडकं शेतात उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. मी मान डोलावली. माझ्या लेखी विषय संपला होता. शेंगा आणि मडकं, एवढंच तर लागतं!

वाल छान आले. जानेवारीत वेलांना शेंगा लगडल्या. पण बाकीचा वाफा बघवत नव्हता. वेलांच्या मागे कुंपणापर्यंत खरबरीत पानांचं, उग्र वासाचं तण माजलं होतं. इतरांचे वाफे रांगोळी काढल्यासारखे आणि हिच्याकडे हे जंगल. मी दोनदा सुचवलं, "आजी, गवत काढून टाकू का?" दोन्ही वेळा ती फक्त हसली. मी समजले, वाकवत नसेल, सांगायला संकोच वाटत असेल.

एका रविवारी सकाळी समितीचे पाहुणे बाग पाहायला येणार होते. तिची पोपटीही त्याच संध्याकाळी ठरली होती. दोन्ही मुलांनी येतो म्हणून कळवलं होतं, आणि आठवडाभर ती भेटेल त्याला तेच सांगत होती. शनिवारी दुपारी ती मडकं आणायला बाजारात गेली होती. मी विळा घेतला. समितीच्या पत्रात शेजारधर्म असा शब्द होता, आणि मला वाटलं, शेजारधर्म म्हणजे याहून वेगळं काय असणार? दोन तास वाकून मी तो कोपरा मुळापासून साफ केला. कंबर मोडली. हातांना त्या पाल्याचा वास बसला, साबणाने जाईना. ढीग गेटपाशी नेऊन टाकला.

ती आल्यावर मी कौतुकाने दाखवायला नेलं. ती बघत राहिली. मडकं तिच्या कडेवर होतं.

"तुमी काढलाव?"

"मीच. म्हटलं तुम्हाला कुठे वाकायला लावायचं."

"बरा केलाव," ती म्हणाली आणि आत गेली. दार लावून घेतलं. मला वाटलं, दमली असेल. तरी मनात काहीतरी खुपत राहिलं. आभार मानावेत अशी माझी अपेक्षा नव्हती, पण दार?

रविवारी समितीचे गृहस्थ आले. उरणकडचे होते, निवृत्तीला टेकलेले. गेटपाशीच थांबले, ढिगातलं एक पान उचलून बोटांवर चोळलं.

"अरे वा, भांबुर्डा! पोपटी हाय वाटतं. पन सुकवला कशाला?"

मी विचारलं, भांबुर्डा म्हणजे? त्यांना आधी वाटलं मी थट्टा करतेय. मग त्यांनी समजावलं. मडक्याच्या तळाला हा पाला, शेंगांच्या वर हा पाला, तोंडाला हाच कोंबायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही, याच्याच ओलीवर सगळं शिजतं. "भांबुर्डा नाय तर पोपटी नाय. निसत्या भाजलेल्या शेंगा. आता मिलतो कुठं? सगलीकडं सिमेंट."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. बाग त्यांना आवडली, त्यांनी चांगला शेरा लिहिला, आणि मला तो वाचवेना. ते जाताच मी ह्यांना स्कूटर काढायला लावली. चिरनेरच्या रस्त्याला लागलो. जिथे मोकळी जागा दिसेल तिथे उतरायचं, पानं चोळायची आणि माझ्या हाताच्या वासाशी ताडून बघायची. ह्यांनी प्रत्येक झुडपाला भांबुर्डा म्हणायचा सपाटा लावला होता. एक गुराखी बाई भेटली, तिला विचारलं, तर ती आम्हालाच विचारू लागली की शहरातल्या लोकांना तो कशाला हवा. तीन-चार तास फिरून पिशवीभर पाला मिळाला. त्यातला किती खरा हे मला आजही माहीत नाही.

परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि बागेत जाळ पेटलेला होता. म्हातारी कोणासाठी थांबली नव्हती. गेटपाशी ढीग उरला नव्हता; तो सुकलेला पालाच पाणी शिंपडून तिने मडक्यात भरला होता. जाळाच्या अल्याड एक मुलगा उभा, पल्याड दुसरा. दोघांचे चेहरे एकाच साच्यातले, आणि दोघेही आईशीच बोलत होते. "आये, त्याला सांग पेंढा आनखी टाकाला." "आये, त्याला सांग मना दिसते." मी पिशवी पाठीमागे धरून कुंपणापाशी उभी राहिले.

मडकं जाळातून काढलं. थोरल्याने एक शेंग सोलली, दाणा तोंडात टाकला आणि थांबला.

"आये, याला वास नाय. भांबुर्डा सुका घातलास?"

मी पुढे होऊन तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मीच उपटला काल. तन समजली. डोला नाय चालत आता."

"तन?" धाकटा ओरडला. "तुला भांबुर्डा नाय वलखला? तू आमाला शिकवलास!"

"आरं, बग रं हिला," थोरला सरळ त्याच्याकडे वळून म्हणाला. "ही एकटी ऱ्हाते, डोल्यांना दिसत नाय, आन् आपुन दोगं..."

"डॉक्टरकडं न्याला पायजे. तू नेतंस का मी नेऊ?"

"दोगं जाव."

आईच्या डोळ्यांवरून दोघं वाद घालत राहिले, एकमेकांशी, मध्ये कोणालाही न घेता. ती मडक्यातून शेंगा काढत बसली होती. तिच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. सुईत दोरा माझ्या आधी ओवायची ती.

मी खरं सांगायला हवं होतं. ती आंधळी नाही, अडाणी मी आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर त्या दोघांचं बोलणं तिथेच थांबलं असतं, असं मला वाटलं. की मी फक्त भ्याले आणि हे कारण नंतर शोधलं? अजून ठरवता येत नाही.

एवढ्यात तिने मला पाहिलं. माझ्या हातातली पिशवीही पाहिली. केळीच्या पानावर गरम शेंगा घेऊन ती कुंपणापाशी आली, मुलांकडे पाठ करून उभी राहिली, आणि माझं तोंड पुन्हा उघडायच्या आत पान माझ्या हातात कोंबलं.

"गप खा, बाय," ती म्हणाली. "बोलतान ते दोगं."