हाताआडचा उजेड

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. हे सगळं घडून गेल्यावरही नाही! मी अंबडला एका कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघते. दिवा आपोआप लागला असं कोणी म्हणालं की आधी वायरिंग उघडते. तेव्हा हे वाचून कोणी मला मांत्रिकाचा नंबर पाठवू नये... प्लीज.

माझ्या मोठ्या भावाचं, दादाचं, हरसूल रस्त्याला एका धरणाच्या बॅकवॉटरवर छोटं कृषी पर्यटन केंद्र आहे. चार खोल्या, चुलीवरचं जेवण आणि एक मोटरबोट. बोटीचे दिवे मीच बसवले — पुढे डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा. अंधारातही समोरच्याला कळतं, बोट कुठे तोंड करून चालली आहे. दादाचं सगळं प्रेम मात्र पुढच्या मोठ्या एलईडीवर. द्वारका चौकात समोरून हेडलाइटचा अप्पर मारत येणारे ट्रकवाले असतात ना... अगदी तसा.

तिथले मासेमारी करणारे टायरच्या हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळी टाकतात. ट्यूबला कसला आलाय दिवा! हातात एक टॉर्च, बस्स. पण त्यांची एक रीत मला फार आवडते. समोरून दुसरा कोणी आला की टॉर्चवर तळहात धरायचा. हातातून लालसर उजेड झिरपतो — समोरच्याचे डोळे दिपत नाहीत, आणि आपण कुठे आहोत हेही त्याला कळतं.

गेल्या वर्षी गणपती गेल्यानंतरची गोष्ट. मी सुट्टीला दादाकडे होते. अंधार पडल्यावर आम्ही जेवायला बसणार, तोच मंदा धावत आली. तिचा नवरा सोमनाथ दादाकडेच कामाला आहे. संध्याकाळी जाळं काढायला गेला होता. मग वारा सुटला, भुरभुर पाऊस सुरू झाला, आणि तो परतलाच नाही. मंदाच्या हातात त्याचा टॉर्च होता.

"चार्जिंगलाच ऱ्हायला, ताई. मोबाइल बी घरीच हाय," ती म्हणाली. "पव्हता येतं त्याला, पण आता लय येळ झाला..."

लाइफ जॅकेट घालून दादा आणि मी निघालो. बिनदिव्याचा माणूस पाण्यात शोधायचा म्हणजे दुहेरी भीती — तो सापडणार नाही याची, आणि आपलीच बोट त्याच्यावर जाईल याची. दादाने सवयीने मोठा एलईडी लावला. समोर नुसती पांढरी भिंत! पावसाच्या थेंबांवरून सगळा उजेड उलटा आमच्याच डोळ्यांत.

"बंद कर तो, दादा."

"अगं, मग दिसणार कसं?"

"बंद केलास तरच दिसेल. इंजिनही बंद कर, हाक तरी ऐकू येईल."

हाक नाही आली. पण डोळे अंधाराला सरावले तसा उजवीकडे, पाण्यालगत, एक लालसर ठिपका दिसला. मंद. मध्येच थरथरणारा.

दादा ओरडला, "सोम्या, आलो रे! हात तसाच ठेव!"

आम्ही अगदी हळू गेलो. ठिपका मोठा होत गेला, आणि जवळ पोहोचलो तसा विझला. मी माझा छोटा टॉर्च खाली पाण्याकडे धरला, तर समोर सोमनाथ. ट्यूब हवा जाऊन अर्धी बसलेली, तिच्या दोरीत दोन्ही हात कोपरापर्यंत अडकवलेले, ओठ काळेनिळे. इंजिन बंद करून आम्ही त्याला बोटीत ओढलं. जिवंत होता. मी रडले, सरळ सांगते.

त्याच्याजवळ टॉर्च नव्हता. असणार कुठून? तो मंदाकडे होता, हे घाईत आम्ही दोघं विसरलो होतो.

आता तुम्ही म्हणाल, तुमच्याच लाल दिव्याचं प्रतिबिंब असेल. नाही. तो डावीकडे आहे. उजवीकडे पडलं असतं तर हिरवं. काठावरचा दिवा? त्या बाजूला नुसतं रान आहे. जाळ्याला बांधलेला दिवा? तसं काही तिथे नव्हतं. हे तपासणं माझं रोजचंच काम आहे.

पण मला छळतं ते वेगळंच. चादरीत गुंडाळल्यावर सोमनाथला जरा बोलता आलं. तो म्हणाला, "ताई, त्याला बी घ्या की."

"कोणाला?"

"माझ्यासंगं व्हता त्यो. एका हातानं ट्यूब धरून... झोपू नको म्हणत व्हता."

आम्ही तिथेच घिरट्या घातल्या, हाका मारल्या. मग सोमनाथला मंदाच्या ताब्यात दिलं आणि पुन्हा गेलो. पाण्यात माणूस आहे म्हटल्यावर भूत की भास, हा विचार कोण करतं! कोणी सापडलं नाही. सकाळी दादाने आसपासच्या सगळ्या गावांत विचारलं. कुठल्याच घरातलं माणूस कमी नव्हतं.

सोमनाथ आता ठणठणीत आहे, पण माझ्याशी पूर्वीसारखा बोलत नाही. एकदा मीच विषय काढला. म्हटलं, अरे, थंडीने माणसाला भास होतात. त्याने ऐकून घेतलं.

"ताई, त्याचा उजेड तुमाला दिसला म्हणून तर तुमी माझ्याकडं आल्या," तो म्हणाला. "मंग त्याला तिथं सोडून का आल्या?"