लॉजवाल्यांनी निवडलेलं हॉटेल

लेकीचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर चादरी वाळत घालत होते. मोबाईल खांद्यात दाबून, तोंडात दोन चिमटे धरून मी "बोल" म्हटलं.

"अव्वा, तुमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. आता तरी कुठंतरी जाऊन या. हैदराबादला जा, चांगल्या हॉटेलात दोन दिवस राहा. खर्च माझा."

लेक बेंगळुरूला नोकरी करते. पहिल्या पगारात तिनं मला मिक्सर घेऊन दिला होता, पण हे प्रकरण मिक्सरच्या पुढचं होतं.

"हॉटेलात कामून? हैदराबादला तुझ्या आत्याचं घर हाय की."

"म्हणूनच सांगायलेय. आत्याकडं गेलीस की तू तिथं पोळ्या लाटत बसतीस. कुणाच्या घरी जायचं न्हाई. आणि सगळ्यात स्वस्त हॉटेल निवडायचं न्हाई. ह्या दोन अटी. बाकी तुला काय पाहिजे ते सांग."

गाणगापुरात आमचा बारा खोल्यांचा लॉज आहे, देवळापासून चालत पाच मिनिटांवर. दत्ताच्या दर्शनाला महाराष्ट्रातनं लोक येतात. गुरुवारी आणि पौर्णिमेला खोल्या भरतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या चादरी गच्चीवर येतात. पंचवीस वर्षं आम्ही परक्या माणसांना झोपवत आलो. आम्ही स्वतः गावाबाहेर झोपलो ते नातेवाइकांकडं, नाहीतर लग्नकार्यात, मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये, मी तर चाळीस बायकांच्या रांगेत. त्यामुळे काय पाहिजे असं कुणी विचारल्यावर माझ्या तोंडून जे निघालं ते मलाही नवीन होतं.

"मी न धुतलेल्या चादरीवर झोपायचंय मला."

"अव्वा, न धुतलेल्या?"

"अगं, दुसऱ्या कुणीतरी धुतलेल्या! दुसऱ्यानं अंथरलेल्या!"

तोंडातले चिमटे खाली पडले. लेक हसत सुटली, मीही. बाजूच्या गच्चीवरची बाई वाळवणाला आली होती, ती कठड्यावरून वाकून बघायला लागली.

यांना सांगितलं तर हे म्हणाले, "हॉटेलात राहायचं? हॉटेलात भजी खातात. राहतात त्याला लॉज म्हणतात." पण संध्याकाळी पाहिलं तर काउंटरवर चष्मा लावून हे मोबाईलवर हैदराबादची हॉटेलं बघत बसले होते.

पुढचे आठ दिवस आम्हा दोघांना दुसरा विषय नव्हता. दुपारी गर्दी ओसरली की काउंटरमागच्या बाकावर डोक्याला डोकं लावून बसायचं आणि फोटो बघायचे. पहिलं हॉटेल म्हणजे टेकडीवरचा राजवाडाच. जेवायचं टेबल इतकं लांब की या टोकाहून त्या टोकाला मीठ मागायचं तर फोन करावा लागला असता. मी भारावून गेले. हे म्हणाले, "ठीक हाय, पण आपण तिथं करायचं काय? खुर्चीवर बसायची तरी हिंमत होणार हाय का तुला?" मी स्वतःला त्या मखमलीच्या खुर्चीवर बसवून पाहिलं. डोळ्यासमोर आलं ते असं की मी खुर्चीच्या कडेला टेकले आहे आणि यांना म्हणते आहे, पाय वर घेऊ नका. राजवाडा रद्द.

दुसरं नवंकोरं, पंचवीस मजली, सगळं काचेचं. फोटो सरकवता सरकवता हे एकदम थांबले. चष्मा काढून पुसला, परत लावला.

"अगं, ही भिंत काचेची हाय."

"सगळंच काचेचं हाय तिथं."

"न्हाई, ही न्हाणीघराची भिंत. पलंगावरनं आतलं सगळं दिसायलंय. कामून?"

मी पाहिलं. खरंच दिसत होतं. मग हे हळूच म्हणाले, "पंचवीस वर्षं झाली म्हणून काय झालं," आणि मला जे हसू फुटलं ते आवरेना. दर्शनाहून परतलेले बार्शीचे एक काका किल्ली मागायला उभे होते. मी हसत हसतच त्यांना चुकीच्या खोलीची किल्ली दिली.

तिसरं हॉटेल तलावाकाठचं. जुनं, सहा मजली, फोटोत फारसं झगमगीत नाही. लोकांनी खाली लिहिलेलं मी वाचायला घेतलं. लॉज चालवून मला एक कळलं आहे, कौतुक सगळ्यांचं एकसारखं असतं, तक्रारीत मात्र खरी माहिती असते. आमच्याबद्दल एकानं लिहिलं होतं, 'सकाळी कबुतरं फार घुमतात.' घुमतातच. तर या हॉटेलाच्या तक्रारी मी ओळ न् ओळ वाचल्या. लिफ्ट हळू चालते. उश्या फार मऊ आहेत. नाश्त्याला इतके प्रकार आहेत की वजन वाढलं. एका माणसानं लिहिलं होतं, खोली साफ करायला बाई आली आणि टेबलाखालचा माझा हरवलेला फाटका मोजा शोधून देऊन गेली, मला तो नको होता.

"हेच," मी म्हटलं. "जिथं टेबलाखाली हात घालतात ते हेच."

तरी मी तिन्हीकडं फोन केले, राजवाड्यालाही. बाकी दोन ठिकाणची माणसं गोड होती. काहीही विचारा, उत्तर 'शुअर मॅडम'. गरम पाणी दिवसभर? शुअर. आवाज नाही ना? शुअर. तिसऱ्या ठिकाणी एका बाईनं फोन घेतला. मी रविवारी यायचं म्हटलं तर ती हैदराबादी हिंदीत म्हणाली, "इतवार कू नक्को आओ अम्मा. नीचे शादी है, बाजा बजता. सोमवार कू आओ. और तालाब दिखना तो पाँचवें माले पे लेओ, नीचे झाडाँ आते."

मी फोन ठेवला आणि यांना म्हटलं, "आपली खोली पक्की." पौर्णिमेला फोन आला की मी पण लोकांना सांगते, आज येऊ नका, त्रास होईल, दोन दिवसांनी या. येऊ नका म्हणणाऱ्या बाईवर माझा विश्वास बसला. शिवाय सोमवार आम्हालाही सोयीचा होता. सोमवारी जायचं, बुधवारी संध्याकाळी परत, म्हणजे गुरुवार चुकणार नव्हता. लॉज धाकट्या दीर-जावेवर सोपवला. जावेला मी इतक्या सूचना दिल्या की शेवटी ती म्हणाली, "अक्का, तुमी जावा आता. न्हाईतर मीच जाते हैदराबादला."

हॉटेलात पोचलो तर दारातल्या माणसानं आमची पिशवी घ्यायला हात पुढं केला आणि यांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं. मग हे थेट चालत काउंटरपाशी गेले आणि वळून काउंटरच्या आतल्या बाजूला जाऊन उभे राहिले. पाय आपोआप तिकडं वळले बिचाऱ्यांचे. आतली मुलगी बाजूला सरकली, तिला वाटलं कुणी साहेब आले असतील. मी बाहेरून म्हटलं, "अहो, आज आपण ह्या बाजूला." यांचा चेहरा असा झाला की काउंटरवरच्या दोन्ही मुली तोंड लपवून हसायला लागल्या, मग हे पण. आधार कार्ड मागितल्यावर मात्र यांनी ते अशा आनंदानं काढून दिलं, जसं बक्षीस घ्यायला गेले आहेत. जन्मभर दुसऱ्यांची कार्डं तपासलेला माणूस.

खोली पाचव्या मजल्यावर. दार उघडलं आणि समोर आख्खा तलाव. मी पडदा धरून तशीच उभी राहिले. दोन मिनिटांनी मात्र सवय जागी झाली. मी पलंगाखाली वाकून पाहिलं, कपाटाच्या वर बोट फिरवलं, गादीची शिवण फाकवून ढेकूण शोधले. हे न्हाणीघरातून ओरडले, "नळाचा वायसर चांगला हाय!" मी ओरडले, "कपाटावर धूळ न्हाई!" मग मी पलंगाच्या कडेला उभी राहिले, डोळे मिटले आणि पाठीवर पडले. चादर गार होती, ताठ होती, आणि तिचा माझ्याशी काही संबंध नव्हता. मला वर उचलल्यासारखं झालं. "अहो, या की," मी म्हटलं. हे शेजारी पडले. दिवसाढवळ्या, चपला दाराशी काढून, आम्ही दोघं छताकडं बघत नुसते हसत पडलो.

भूक लागली तेव्हा मी पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. खालच्या जेवणाचा कागद टेबलावर होता, पण पहिला घास घरचाच हवा होता. भाकरी मोडली आणि तिचे तुकडे गालिचाभर उडाले. पुढचा पाऊण तास आम्ही दोघं गुडघ्यांवर रांगत ज्वारीचे कण वेचत होतो.

मंगळवारी सकाळी यांनी खिडकीपाशी टॉवेल अंथरून गळ्यातल्या लिंगाची पूजा केली. तोवर मी उठून चादर ताणली, कोपरे खोचले, पांघरुणांच्या घड्या केल्या, उश्या उभ्या केल्या. हात थांबलेच नाहीत. पूजा आटोपून यांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, काय करायलीस? पैसे कशाचे दिलेत लेकीनं?"

कपाटात दोन पांढरे झगे टांगलेले होते, आंघोळीनंतर घालायचे, जाड, टॉवेलच्या कापडाचे. हे म्हणाले, हे घालून फोटो काढू आणि पोरीला पाठवू. घातले. यांचा झगा पोटावर बसेना, माझा जमिनीवर लोळत होता. खोलीत उजेड पाठीमागून येत होता म्हणून फोटो काळा यायला लागला. हे पॅसेजमध्ये जाऊन म्हणाले, बाहेर ये, बाहेर उजेड चांगला हाय. मी बाहेर आले. माझ्यामागं दार हळूच लागलं आणि टक् असा आवाज झाला.

उघडायचं कार्ड आत.

"आता?" मी म्हटलं.

"आता खाली जाऊन सांगायचं."

"ह्या अवतारात?"

तेवढ्यात लिफ्ट उघडली. आत भारी साडीतल्या दोन बायका आणि फेटा बांधलेले एक आजोबा. त्यांनी आमच्याकडं पाहिलं, आम्ही त्यांच्याकडं. यांनी गांभीर्यानं हात जोडले. आजोबांनीही वाकून जोडले, बहुतेक यांना कुठले तरी स्वामी समजून. लिफ्ट मिटली आणि मी हसत हसत भिंतीला टेकून खालीच बसले. हे मला उठवायला आले आणि स्वतःच बसले.

"उठ की, कुणी बघंल."

"तुमी उठा आधी. तुमी स्वामी हाव."

कोपऱ्यावरून चादरींची गाडी ढकलत एक बाई आली. चाळिशीची, निळा गणवेश, केसांचा घट्ट अंबाडा. आमच्याकडं बघून थबकली आणि म्हणाली, "मराठी बोलायलात की तुमी! कुठलं गाव?"

ती बीदरकडच्या औराद तालुक्यातली निघाली. माझं माहेर संतपूरजवळ, तिचं गाव तिथून दोन कोसांवर. नवऱ्यासोबत बारा वर्षांपूर्वी हैदराबादला आलेली. तिनं आपल्या कार्डानं दार उघडलं, आत पाऊल टाकलं आणि पलंगाकडं बघून कमरेवर हात ठेवले.

"हे कुणी केलं?"

"मी," मी म्हटलं.

"कामून? मी काय करायचं मग?"

"सवय हाय. आमचा लॉज हाय गाणगापूरला."

तिनं जवळ जाऊन कोपऱ्याची घडी पाहिली. "चांगली घातलाव," ती म्हणाली आणि एका झटक्यात सगळी चादर ओढून काढली. "आता त्या खुर्चीवर बसा. आजिबात उठायचं न्हाई."

मी झग्यातच खुर्चीवर बसले. यांनी किटलीत पाणी उकळून चहा केला, तीन कप. तिनं गाडीवरून नवी चादर घेतली, दोन टोकं धरली आणि हवेत झटकली. चादर फुगून खोलीभर उभी राहिली, तिच्यातून तलावाचा उजेड आला, आणि मग ती अलगद, जिथल्या तिथं उतरली. एकही सुरकुती नाही. मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. आजवर हजारो चादरी झटकल्या, पण झटकताना ती कशी दिसते हे कधी पाहिलंच नव्हतं. झटकणाऱ्याला ते दिसत नाही.

"अजून एकदा कर की," मी म्हटलं.

ती हसली आणि तिनं परत केलं. मग उभ्या उभ्या चहा पिताना तिला मी विचारलं, दिवसाला किती खोल्या? चौदा, म्हणाली. मी उठायला लागले तर तिनं डोळे वटारले. "बसा म्हटलं न्हाई का? तुमी आज गिऱ्हाईक हाव." जाताना मी तिला उरलेल्या कडक भाकरी आणि चटणी दिली. तिनं पुडी उघडून वास घेतला आणि ती गाडीतल्या टॉवेलांमागं जपून ठेवली. मग गाडी ढकलत निघाली, पुढच्या दारावर टकटक केली आणि हिंदीत बोलायला लागली.

बुधवारी सकाळी नाश्त्याला मी इडली, पराठा, कलिंगड आणि कसला तरी चॉकलेटचा पाव एकाच ताटलीत घेतला. हे माझ्याकडं बघत होते. "एक सांगू?" हे म्हणाले. "घरी आज नको, उद्या जाऊ."

"उद्या गुरुवार हाय."

"म्हणूनच. पंचवीस वर्षांत एकपण गुरुवार चुकवला न्हाई. एक चुकवून बघू. हा दिवस पोरीच्या पैशांचा न्हाई, आपला."

मला शाळा बुडवल्यासारखं वाटायला लागलं. जावेला फोन लावला. ती म्हणाली, "ऱ्हावा की अक्का! इथं सगळं बरं चाललंय, कुणी तुमची आठवण काढली न्हाई." मला अर्धं मिनिट वाईट वाटलं.

गुरुवारी दुपारी आम्ही तलावावर गेलो आणि पायानं चालवायची होडी घेतली. माझे पाय पेडलला लागेनात, यांचे जोरात चालत होते, त्यामुळे होडी पुढं जायची सोडून गोल फिरायला लागली. काठावरचा माणूस शिट्टी वाजवून हातवारे करत होता.

"कुठं निघालोय आपण?" मी ओरडले.

"ठावं न्हाई," हे ओरडले आणि आणखी जोरात पाय मारायला लागले.