शिफ्ट बघून घेतलेला विषय

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात माझी एक खुर्ची आहे. कॉलेजची जमीन आमच्या घराण्याने दिली, म्हणून मी कमिटीवर. शिक्षण चौथी. ते मी लपवत नाही आणि त्यावर कोणी बोलतही नाही. रोज सकाळी येतो, खुर्चीत बसतो, दुपारी घरी जातो. मी बोलतो कमी, म्हणून लोक माझ्यासमोर मोकळेपणाने बोलतात. असे किस्से मग साठत जातात. गोडाऊनमधल्या रिटर्न मालासारखे. न्यायला कोणी येत नाही, आणि फेकण्याइतके खराबही नसतात.

नवा अभ्यासक्रम आल्यापासून साठा जास्तच वाढला. पूर्वी बी.कॉम.ला आलेला पोरगा कॉमर्स शिकायचा आणि जायचा. आता आपल्या शाखेबाहेरचा विषय घ्यावाच लागतो. कॉमर्सवाल्याने झाडे शिकायची, सायन्सवाल्याने हिशेब. त्याचे क्रेडिट मिळाले नाही तर डिग्री अडकते.

*

हे सगळे समजावायला प्राचार्यांनी कमिटीची मीटिंग बोलावली. माणूस सज्जन, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकणार नाही. पडद्यावर रंगीत चौकोन दाखवत होते. हा मेजर, हा मायनर, हे ओपन इलेक्टिव्ह, हे स्किल.

मी विचारले, "एवढं सगळं शिकून पोरगा होणार कोण?"

"दादा, ते तो स्वतः ठरवेल."

"मग तुम्ही काय ठरवणार?"

सर चष्मा पुसत म्हणाले, "टाइमटेबल!"

सगळे हसले. मी हसलो नाही. त्याच मीटिंगमध्ये मी एक ठराव मांडला. ज्या विषयाच्या वर्गात पोरे नाहीत आणि सत्राचे तास पुरे होत नाहीत तो विषय बंद, आणि त्या विषयापुरता नेमलेला मास्तरही बंद. ठराव पास झाला.

मागच्या खुर्चीवर चित्रे मॅडम बसल्या होत्या. भिवंडी गावातल्याच, वडीलही शिक्षक होते. कॉमर्सच्या पोरांना 'आपल्या भोवतीची झाडे' हा विषय शिकवायला त्यांना त्याच वर्षी घेतले होते. नोकरी तेवढ्या एका विषयावर. ठराव पास झाला तेव्हा त्यांनी वर पाहिले नाही.

*

पहिल्या दिवशी प्राचार्यांनी पोरांना हॉलमध्ये बसवून भाषण केले. "ज्ञानाला भिंती नसतात. तुमची आवड ओळखा. आवडीचा विषय निवडा. कोणाला काही शंका?"

शेलार गावची रेश्मा उभी राहिली. ही पोरगी राहनाळच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाते.

"सर, आवड नंतर बघू. लेक्चर किती वाजता ते सांगा!"

हॉलमधल्या निम्म्या पोरांनी माना हलवल्या. त्यांचीही शंका तीच होती. गोडाऊनची शिफ्ट दहाला लागायची. त्याआधी संपणारा विषय एकच होता, झाडांचा. त्या सगळ्यांनी झाडे घेतली. पॅकिंगची अख्खी लाइन एका वर्गात!

चित्रे मॅडम ऑफिसात आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. "दादा, मुलांना झाडांची किती ओढ आहे बघा!"

आमचा हेडक्लार्क तांबे. कामाला पक्का, जिभेला तिखट. तो मान वर न करता म्हणाला, "हो मॅडम. दहाच्या शिफ्टची ओढ आहे."

*

एका पोराचा बाप तणतणत आला. स्वतः कापडाच्या लूमवर राबून मालक झालेला माणूस.

"लड़के को बी.कॉम. में डाला है. घर आके पत्ते सुखा रहा है! ये क्या पढ़ा रहे हो?"

तांबेने नियम सांगितला. दुसऱ्या शाखेचा विषय घ्यावाच लागतो.

"मतलब कपड़ा लेने आए तो साबुन लेना भी कम्पल्सरी?"

"हाँ," तांबे म्हणाला, "और साबुन में पास भी होना पड़ेगा!"

बाप माझ्याकडे वळला. "चाचा, आप बुज़ुर्ग हो. आप बोलो."

मी म्हणालो, "नियम है."

तो गेला. जाताना दार जोरात आपटले. ते दार मी दिलेले नाही, नाहीतर परत बोलावला असता.

*

वळ गावचा एक माणूस पोरीला घेऊन आला. पोरीचे लग्न ठरवायचे चालले होते. प्राचार्य खूश झाले, कारण नव्या नियमात त्याची सोय आहे. एक वर्ष पूर्ण करून सर्टिफिकेट घेऊन थांबता येते. क्रेडिट खात्यात जमा राहतात. पुढे परत येऊन डिग्री पुरी करता येते.

बाप लक्ष देऊन ऐकत होता. जमिनीच्या व्यवहारात मुरलेला माणूस.

"म्हंजे क्रेडिट हिच्या नावावर ऱ्हातील?"

"राहतील."

"मग लगीन झाल्यावर जावयाच्या नावावर करता येतील?"

प्राचार्यांनी हातातला नियमांचा कागद खाली ठेवला. बाप म्हणाला, "जमीन होते, गाळा होतो, गाडी होते. क्रेडिट का न्हाय?"

पोरगी दाराशी उभी होती. ती म्हणाली, "बाबा, आधी त्याला बारावी तरी पास होऊ द्या!"

लग्न पुढे गेले की मोडले, मला ठाऊक नाही. पोरगी दुसऱ्या वर्षाला आहे.

*

मग सणाचा ऑनलाइन सेल आला आणि गोडाऊनची शिफ्ट दहाची सातला झाली.

बाकी विषयांत गोडाऊनला न जाणारी पोरे होती, झाडांचा वर्ग मात्र एका आठवड्यात रिकामा. मी व्हरांड्यातून जाताना पाहिले. फळ्यावर पानाचे मोठे चित्र काढलेले. बाकावर कोणी नाही. मॅडम खुर्चीत न बसता उभ्याच होत्या, हातात खडू. तास संपेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

वर्ग दुपारी घ्यावा तर खोल्या ज्युनियर कॉलेजला. संध्याकाळी घ्यावा तर पोरे शिफ्टवरून सुटलेली नसतात. आणि शिफ्ट सोडली तर कामावरून नाव जाते. हजेरी भरली नाही तर पोरांचे क्रेडिट जाणार, आणि वर्ग नाही म्हणून मॅडमची नोकरी.

कमिटीत विषय निघाला. एकजण म्हणाला, "दादांचाच ठराव आहे. सत्र संपायच्या आत वर्ग भरून तास पुरे झाले नाहीत तर विषय बंद."

सगळे माझ्याकडे बघू लागले. त्यांना वाटले मी ठराव मागे घेईन. मी घेतला नाही. एकीसाठी मोडला की पुढे कोणासाठीच राहत नाही.

"बंद," मी म्हणालो. "पण सत्र अजून संपलं नाही."

*

राहनाळचे ते गोडाऊन आमच्याच जागेत आहे. माल कंपनीचा. माणसे पुरवायचे कॉन्ट्रॅक्ट माझ्या पुतण्याचे, संतोषचे. चित्रे मॅडमना हे माहीत होते. तरी त्या माझ्याकडे शब्द टाकायला आल्या नाहीत. थेट त्याच्याकडे गेल्या. मी भाड्याच्या कामासाठी त्याच्या केबिनमध्ये बसलो होतो, म्हणून ऐकले.

संतोष म्हणाला, "मॅडम, मना काय इचारता? टाइम कंपनीचा हाय."

"पण मुलं तुमची आहेत ना?"

"पोरं पन कंपनीची. शिव्या तेवढ्या माज्या!"

"बरं. जेवणाची सुट्टी कोणाची?"

संतोषने माझ्याकडे पाहिले. मी भिंतीकडे पाहिले.

"सुट्टी... त्यांची."

"मग तेवढीच द्या."

"पोरं जेवतील कवा?"

"जेवता जेवता शिकतील."

तो कंपनीच्या मॅनेजरशी बोलला. मॅनेजरने एकच अट घातली. जे आत येईल त्याची गेटवर नोंद होईल, आणि तेवढेच बाहेर जाईल. मोजणी जुळली नाही तर मॅडमची एंट्री बंद.

आता प्राचार्यांचा प्रश्न. त्यांनी नियमाची पाने दोन वेळा उलटली. मॅडम समोर उभ्या होत्या. शेवटी सर म्हणाले, "वर्ग भरला पाहिजे असं लिहिलंय. हजेरी पाहिजे असंही लिहिलंय. कुठे भरावा, हे लिहिलेलं नाही."

मी म्हणालो, "मग भरवा!"

*

वर्ग खरोखर भरतो की नुसता कागदावर, हे बघायला कमिटीने मला पाठवले. मी गेलो. पोरे लाकडी पॅलेटवर बसलेली, मांडीवर डबे. मॅडम मध्ये उभ्या. पलीकडे संतोष. पाठ वर्गाकडे, डोळे घड्याळावर.

"भेंडी कोणाच्या डब्यात आहे?" मॅडमनी विचारले.

तीन हात वर झाले.

"तुकडा उचला. आत किती खण दिसतात? बी कुठे चिकटलंय? भेंडीचं फूल कोणी पाहिलंय?"

रेश्मा घास हातात धरून बसली होती. "मॅडम, खाऊ का अभ्यासू?"

"आधी दाखव, मग खा!"

दुसऱ्या एका पोराने डबा झाकून घेतला. मॅडमनी विचारले, "तुझ्यात काय आहे?"

"बोंबील, मॅडम. तो आपल्या सिलॅबसमध्ये न्हाय!"

हशा झाला. संतोष घड्याळाकडे बघत ओरडला, "दोन मिंटं ऱ्हायली!"

मी कमिटीला सांगितले, वर्ग भरतो. तास पुरे व्हायला आता थोडेच बाकी होते.

*

शेवटचे दोन वर्ग उरले असताना मॅडमनी कॉलेजच्या आवारातली पाने गोळा करून नेली. आंबा, वड, पिंपळ, करंज, साग, अशी. पोरांनी हातात घेऊन ओळखायची होती. गेटवरचा गार्ड बिहारचा, नियमाला कडक. त्याने पिशवी उघडून एकेक पान मोजले. "पत्ते. नौ नग." नोंद झाली.

मी त्या दिवशी तिथेच होतो, संतोषही नेहमीसारखा पलीकडे उभा. वर्ग झाला. सुट्टी संपली. मॅडम निघाल्या. गार्डने पुन्हा मोजले.

"मैडम, नौ आए थे. आठ जा रहे हैं."

मॅडमनी पिशवी उलटी केली. आठच.

"अरे भैया, पान आहे. झाडाचं पान! बाहेर हवी तेवढी पडलीत. एक उचलून देते."

"वो बाहर का है. मुझे अंदर वाला चाहिए. चीज़ छोटी-बड़ी नहीं होती, मैडम. मिलान होता है, या नहीं होता."

मॅनेजर आला. त्याने पॅकिंगचा बेल्ट सुरू करू दिला नाही. गाड्या बाहेर लागलेल्या, ड्रायव्हर हॉर्न देत होते. पोरांची रांग लावली. एकेकाचे खिसे तपासले, डबे उघडले, बूट काढायला लावले. रेश्माने डबा टेबलावर उपडा केला. कोणाकडेच पान निघाले नाही.

मॅनेजर म्हणाला, "मैडम, पहले ही बोला था. मिलान नहीं, तो एंट्री बंद. कल से वर्कर लोग का लंच, सिर्फ़ लंच."

 मॅडम पिशवीची घडी करत राहिल्या.  गुरुवारचा एक वर्ग बाकी होता. तो झाला नाही तर काय होते, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते.

मी गार्डला विचारले, "सबको देखा?"

"जी, सबको."

"सबको?"

 गार्डची नजर एकदा संतोषकडे गेली आणि खाली आली. कॉन्ट्रॅक्टरला तपासायची पद्धत नाही.

संतोषने माझ्याकडे पाहिले. लहानपणापासून तो माझ्या आवाजाला घाबरतो. पण त्या वेळी मी काही बोललोच नव्हतो. त्याने शर्टाच्या खिशातून मोबाइल काढला आणि टेबलावर उलटा ठेवला.

मोबाइलचे कव्हर पारदर्शक. मागे पिंपळाचे पान. देठ काढलेला, टोक दुमडू नये म्हणून नीट सरळ बसवलेले.

कोणी हसले नाही. मॅडम पानाकडे बघत होत्या. मॅनेजर संतोषकडे. बाहेर हॉर्न चालूच.

गार्डने रजिस्टर पुढे ओढले. "साहब, ये बाहर जाएगा?"

संतोषने मोबाइल उचलला आणि पानासकट परत खिशात ठेवला.

"न्हाय जानार," तो म्हणाला. "मॅडम गुरुवारी येनार हायत. तवा त्यांच्याबरूबर जाईल."

मॅनेजरने तोंड उघडले. संतोष त्याच्याकडे न बघता पोरांवर ओरडला, "बघताय काय? बेल्ट चालू करा!"

पोरे पळाली. गार्डने पेन उचलले आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचले:

"आए नौ. गए आठ. एक अंदर है, गुरुवार तक."